मारबतीचे फोटो ४० बाय ६० इंचांवर छापायचे आहेत: पिवळी पिवळीच दिसावी, काळीत तपशील उरावा

बडकस_चौक

नमस्कार मंडळी. मी नागपुरात, महाल भागात राहते, शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, कॅमेरा घेऊन मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवून शेवटी जाळतात त्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत असते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. आमच्या घरात पणजीपासून सगळ्यांनी ती पाहिली, पण कुणाकडे एक धड फोटो नाही. म्हणून येत्या जानेवारीत सिव्हिल लाइन्समधल्या एका दालनात १८ फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरवलं आहे. त्यातले दोन, एक पिवळीचा आणि एक काळीचा, ४० बाय ६० इंच, उभे. दारातून आत आल्यावर समोर त्या दोघी उभ्या दिसल्या पाहिजेत.

नमुना म्हणून पिवळीचा फोटो एका दुकानात ४० बाय ६० मध्येच छापून घेतला. घरी आणून भिंतीला टेकवला आणि जीव खाली बसला. मोहरी वाटून चार तास ठेवल्यावर तिचा जसा रंग होतो, तसा पिवळा आला आहे. लॅपटॉपवर ती पिवळी अंगावर येते, इथं आजारी दिसून राहिली. शिवाय कापडाच्या आणि कागदाच्या घड्या गेल्या, सगळं एक सपाट पिवळं पत्र्यासारखं. दुकानदार म्हणाले, "तुमचा कॅमेराच २४ मेगापिक्सेलचा, एवढ्या मोठ्यात असंच येणार." काळीचा फोटो त्यांच्याकडे छापायला द्यायची हिंमत झाली नाही.

प्रश्न सरळ आहेत. २४ मेगापिक्सेलमधून ४० बाय ६० होतं का? सुरुवातीच्या चार वर्षांचे फोटो १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावरचे आहेत, त्यांचं काय करू? आणि पिवळा का बिघडला?

शाई_कागद

ताई, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. मेगापिक्सेलचा आणि रंग मरण्याचा काही संबंध नाही. मी वीस वर्षं छपाईत आहे, त्यातली पहिली आठ फ्लेक्सवर गेली, म्हणून दुकानात काय झालं असेल याचा अंदाज येतो.

तुम्ही फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे आकड्यांचे रंग कसे वाचायचे त्या कुठल्या पद्धतीत, दिली होती? अडोब आरजीबीमध्ये असेल आणि त्यांच्या रिप सॉफ्टवेअरनं, म्हणजे फाइल प्रिंटरसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आतलं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ती चिठ्ठी) न वाचता ती एसआरजीबी, म्हणजे साध्या स्क्रीनची कमी रंगांची पद्धत, समजून छापली असेल, तर रंग असेच फिके, मळके होतात. आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. फ्लेक्स आणि विनाइल छापणाऱ्या बऱ्याच ठिकाणी ही सोय बंदच ठेवलेली असते, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या वाढदिवसाच्या बॅनरला ती लागत नाही.

घड्या जाण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलचा वेगवेगळा उघडून पाहा. प्रत्येकाचं माप ० ते २५५. मारबतीचा पिवळा इतका गडद असतो की लाल चॅनल २५५ ला जाऊन आदळतो आणि निळा शून्यावर बसतो. एकत्रित हिस्टोग्राममध्ये सगळं ठीक वाटतं. पण दोन चॅनल भिंतीला टेकले की उरलेल्या एका हिरव्या चॅनलवर सगळा तपशील लटकतो, म्हणून घडी दिसत नाही.

यात एक चांगली बातमी पण आहे. चांगल्या पिगमेंट शाईचा प्रिंटर जो पिवळा काढू शकतो, तो एसआरजीबीच्या हद्दीबाहेरचा असतो. पिवळा आणि निळसर हिरवा, या दोन भागांत कागद बऱ्याच स्क्रीनच्या पुढं जातो. म्हणजे तुमची पिवळी लॅपटॉपपेक्षा कागदावर अधिक पिवळी होऊ शकते, फक्त वाटेत ती एसआरजीबीत कोंबायची नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आहे ना?

बडकस_चौक

रॉ आहेत दादा, सगळ्या ११ वर्षांच्या. पहिल्या वर्षापासून रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवले. दुकानात दिली ती अडोब आरजीबीतली जेपेग होती, तुम्ही बरोबर ओळखलंत.

शाई_कागद

मग काही बिघडलं नाही. रॉ पुन्हा उघडा, १६ बिटमध्ये (म्हणजे रंगांच्या बारीक पायऱ्यांत), प्रोफोटो आरजीबी या सगळ्यात मोठ्या कलर स्पेसमध्ये. एक्स्पोजर थोडं खाली आणा, सॅच्युरेशन वाढवू नका, उलट पिवळ्याचं सॅच्युरेशन पाच-सात खाली घ्या आणि घड्यांपुरता कॉन्ट्रास्ट वाढवा. पिवळा रंग सॅच्युरेशनमुळे झळकत नाही, त्याच्या शेजारी थोडी सावली असली की झळकतो. मग ज्यांच्याकडे छापणार त्यांच्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यांचा प्रिंटर त्या कागदावर रंग कसे काढतो ते सांगणारी फाइल, मागा आणि सॉफ्ट प्रूफ लावून, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच, पाहा. प्रोफाइल म्हणजे काय असं त्यांनी विचारलं, तर दुसरं दुकान बघा.

आता मोजमाप. ६००० बाय ४००० पिक्सेल, ६० बाय ४० इंच. म्हणजे इंचाला बरोबर १०० पिक्सेल. "३०० पाहिजेच" असं जे सगळे सांगतात ते हातात धरून बघायच्या फोटोला लागू आहे. डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा ६० वा भाग, एवढाच बारकावा ओळखतो. त्यावरून हिशोब असा की ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागायचं. एक फुटावरून २८६ पिक्सेल लागतात, तीन फुटांवरून ९५, पाच फुटांवरून ५७. तुमची पिवळी दारातून बघायची आहे, त्यामुळे १०० पुष्कळ झाले.

मोहर्ली_गेट

मी वाघांचे फोटो काढतो, ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला. १६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावरून ३६ बाय २४ छापले आहेत, ४९२८ पिक्सेल भागिले ३६ म्हणजे १३७. कुणी कधी तक्रार केली नाही. पण माझा एक फोटो फसला, तो पिक्सेल कमी होते म्हणून नाही फसला. संध्याकाळचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० होता, नॉइज, म्हणजे त्यामुळे येणारे दाणे, दिसू नयेत म्हणून मी नॉइज रिडक्शन भरपूर लावलं. स्क्रीनवर गुळगुळीत छान दिसलं. तीन फुटांवर वाघाच्या अंगावर केस नाहीत, रेक्झीन चढवल्यासारखं दिसतं. दुसऱ्यांदा नॉइज तशीच ठेवली, मोठं केल्यावर वरून हलकी ग्रेन घातली, आणि फोटो जिवंत झाला. मोठ्या छपाईत दाणा खपतो, मेण खपत नाही.

मारबत तर पावसाळी ढगात, गल्लीत, धक्काबुक्कीत काढलेली. आयएसओ चढलाच असणार. ते लपवायला जाऊ नका.

पुण्यात_वैदर्भीय

एआयनं मोठं करणारी सॉफ्टवेअर आहेत की आता. अडोबचं सुपर रेझोल्यूशन २०२१ पासून आहे, दोन्ही बाजूंनी दुप्पट करतं. गिगापिक्सेल नावाचं तर सहापट करतं. १२ मेगापिक्सेलचा प्रश्नच उरत नाही मग.

बडकस_चौक

हे मी करून पाहिलं, आणि लिहू की नको असा विचार करत होते. पाचव्या वर्षाच्या आधीचा एक फोटो आहे, १२ मेगापिक्सेलचा, ४२८८ बाय २८४८. मारबत मागं धूसर आहे, पुढं गर्दी, आणि गॅलऱ्यांतून वाकून बघणारी माणसं. सॉफ्टवेअरनं तो मोठा केला. मारबत छान आली, भिंतींच्या विटा पण छान. चेहरे जवळून पाहिले तेव्हा पोटात कसंतरी झालं. मूळ फोटोत जिथं चार-पाच पिक्सेलचे डोळे होते, तिथं त्यानं पापण्यांसकट डोळे काढले होते. ते त्या माणसांचे डोळे नव्हते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना त्यात अनोळखी चेहरा आला होता.

मंडळी, प्रदर्शनाला महाल-इतवारीतलीच माणसं येणार आहेत. ती मारबत पाच फुटांवरून बघतील आणि मग सरळ नाक लावून आपलं घर, आपली गॅलरी, आपला माणूस शोधतील.

शाई_कागद

ताई, तुम्ही माझा हिशोब मोडलात, आणि बरं केलंत. अंतराचं सूत्र फोटोच्या आकारावरून बसवतात, लोक फोटोत काय शोधतात ते त्यात धरलेलं नसतं. पिवळीच्या चेहऱ्याला १०० पुरतील. गर्दीच्या फोटोला माणसं एक फुटावर येतील, तिथं १५०-१८० च्या खाली जायला नको. म्हणजे तो १२ मेगापिक्सेलचा फोटो ३६ बाय २४ वर ११९ येतो, तिथं लोक निराश होतील. ३० बाय २० वर १४३, २४ बाय १६ वर १७९. लहान छापा. १८ च्या १८ फोटो अवाढव्य असायची गरज नाही, उलट दोन उंच मारबती आणि त्यांच्या आजूबाजूला जवळ जाऊन बघायचे फोटो, ही मिरवणुकीचीच मांडणी झाली.

पुण्याच्या मित्रांना: सुपर रेझोल्यूशन विटांना, कापडाला, लाकडाला चांगलं आहे. माणसांच्या चेहऱ्यांवर, तेही नाव सांगून ओळखता येतील अशा माणसांच्या, मी लावणार नाही. साधं बायक्युबिक करा, म्हणजे एआयविना नेहमीच्या पद्धतीनं मोठं करा, शेवटी आउटपुट शार्पनिंग द्या, जे असेल ते खरं दिसू द्या.

पुण्यात_वैदर्भीय

मान्य. गर्दीचं लक्षात आलं नव्हतं. मी आजवर इमारतींचेच फोटो मोठे केलेत.

फुटाळा_काठ

काळीबद्दल कुणी काही बोलून नाही राहिलं. माझ्या मते तीच जास्त अवघड. काळ्यावर काळं: अंग काळं, दोरखंड काळे, मागं ढगाळ आभाळ. कागद कुठला घेणार त्यावर सगळं आहे.

शाई_कागद

हाव, खरं आहे. मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. बरायटा (बेरियमचा थर असलेला चमकदार कागद) किंवा ग्लॉसी जातीच्या कागदावर २.२ च्या वर. ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणून ०.६ चा फरक म्हणजे बरायटावरचं काळं मॅटपेक्षा चौपट खोल. कॉटन रॅग मॅट, ३०८ जीएसएमचा, हाताला सुंदर लागतो आणि चित्रासारखा दिसतो म्हणून सगळे त्यावर भाळतात. काळी मारबत त्याच्यावर कोळशाच्या राखेसारखी दिसेल, आणि १५-२० च्या खालचे सगळे टोन एकात एक मिसळतील.

माझं मत: दोघी बरायटावर, बाकीचे फोटो मॅटवर चालतील. पण काच आली की बरायटाचा काही उपयोग उरत नाही, कारण साध्या काचेत समोरची ट्यूबलाइट दिसते आणि काळ्यात तर आरसाच होतो. काळीसमोर उभा राहणारा माणूस स्वतःलाच बघत राहील. तिला काचेविना टांगा नाहीतर अँटी-रिफ्लेक्शन काच लावा. ती महाग आहे, पण एका फोटोपुरती घ्या.

आणि लॅपटॉपचा उजेड कमी करा. "छापील फोटो अंधारलेला आला" ही तक्रार माझ्याकडे दहातल्या आठ जणांची असते. स्क्रीन ३०० कँडेलावर ठेवून फोटो घडवतात, तो कागदावर अंधारणारच. ८० ते १२० च्या मध्ये आणा. यंत्र नसेल तर कोरा पांढरा कागद दालनातल्यासारख्या उजेडात धरा आणि शेजारी स्क्रीनवर पांढरी विंडो उघडा. दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत स्क्रीन उतरवा.

अमरावती_रोड

उजेडाचं निघालंच आहे तर. दालनात कुठले दिवे आहेत ते जाऊन बघितलं का? थंड पांढऱ्या स्वस्त ट्यूबखाली पिवळा हिरवट जातो, छपाई कितीही चांगली असो. मी एकदा संत्र्याच्या बागांचे फोटो लावले होते, लोक विचारत होते कच्ची आहेत का. तेव्हापासून स्वतःचे दिवे घेऊन जातो: ४००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) ९० च्या वरचे एलईडी स्पॉट.

बडकस_चौक

काल शाळा सुटल्यावर गेले. ट्यूबच आहेत. त्यांनी स्पॉट लावायला हरकत घेतली नाही, वायर मात्र आपली. धन्यवाद दादा, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

आता पुढचं. पूर्ण फोटो पुन्हा छापायच्या आधी नमुना कसा घ्यावा? मागच्या वेळी अख्खा ४० बाय ६० घेतला, त्याचे पैसे बुडाले.

शाई_कागद

अख्खा कधीच घ्यायचा नाही. ४० बाय ६० म्हणजे २४०० चौरस इंच, म्हणजे १६.७ चौरस फूट, आणि दर फुटामागे असतो. त्याऐवजी फाइल पूर्ण मापाची करा, तिच्यातून तुकडे कापा: पिवळीच्या छातीवरच्या घड्या, डोळा, काळीची मान जिथं अंग आणि दोरखंड भेटतात, आभाळाचा एक पट्टा. हे चार तुकडे २४ बाय १२ च्या एका कागदावर बसवा. दोन चौरस फुटांत काम झालं. तुकडे लहान करायचे नाहीत, खऱ्या मापातच ठेवायचे. आभाळ मुद्दाम घ्या, ८ बिटमधून आलेल्या आभाळात पायऱ्या पडतात आणि त्या मोठ्या कागदावरच कळतात.

मग ती पट्टी दालनात न्या. हातात धरून बघू नका. भिंतीला चिकटवा, दारात जा, तिथून चालत या. आणखी एक: छापल्या छापल्या रंग ठरवू नका, एक रात्र वाळू द्या.

लाकडी_चौकट

उशिरा आलो. मी फ्रेमचं काम करतो, इतवारीत. ताई, जानेवारी निवडला ते उत्तम केलं. आपल्याकडचं हवामान कागदाचा जीव काढतं. मे महिन्यात ४५ च्या वर आणि कोरडं ठाक, जुलैत सगळं ओलं. कागद आकसतो आणि फुगतो. म्हणून फोटो चारी बाजूंनी चिकटवायचा नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी पट्टीनं टांगायचा, खालून मोकळा ठेवायचा. चारी बाजूंनी चिकटवलेला फोटो ऑगस्टमध्ये लाटा मारतो, त्या परत जात नाहीत.

सनबोर्डवर चढवून वर लॅमिनेशन, हे स्वस्त आणि झटपट आहे, तीन दिवसांच्या प्रदर्शनाला चालतं. पण उन्हाळ्यात बंद गाडीत टेकवून ठेवला की तो बोर्ड वाकतो आणि लॅमिनेशनखाली फोड येतात. तुमचे फोटो पुढं ठेवायचे आहेत, शाळांमधून फिरवायचे असतील, तर ते करू नका. अॅसिड-फ्री माउंट घ्या, काच फोटोला टेकू देऊ नका, माउंटच्या जाडीची फट ठेवा. टेकली की पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर जाते. मागची बाजू बंद करा, नाहीतर कसर शिरते.

रोलवरून आलेला कागद गुंडाळीत आठवडाभर ठेवू नका. आणि काच लावायच्या आधी किमान २४ तास मोकळा राहू द्या. पिगमेंट शाईतले द्रव उडत असतात, ते आत कोंडले की काचेवर धुकं बसतं.

बडकस_चौक

मंडळी, दहा दिवसांनी लिहिते आहे. पट्टी छापून आणली, दुसऱ्या दुकानातून. त्यांनी प्रोफाइल न मागता दिलं.

दालनात भिंतीला लावली, दारात गेले, चालत आले. पिवळी आहे. तीच, जी मी गल्लीत पाहिली. छातीवरची प्रत्येक घडी मोजता येते, एका ठिकाणी कागद चिकटवताना बोटाचा ठसा उमटला होता तो पण दिसतो. ज्या हातांनी ती घडवली त्यांचा तो ठसा. मागच्या छपाईत तो पिवळ्यात बुडाला होता.

काळीत मान आणि दोरखंड वेगळे दिसायला दोनदा फाइल बदलावी लागली. फुटाळा काठ, तुम्ही म्हणालात तसं, तीच अवघड निघाली.

गर्दीचा जुना फोटो २४ बाय १६ वर छापला, एआयविना. घरी जिन्याच्या भिंतीला लावला होता. शेजारच्या आजी वर चढताना थांबल्या, चष्मा काढला, नाक लावलं, आणि डाव्या गॅलरीतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचे." आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. चेहरा तर नीट दिसतही नाही, टोपी आणि कठड्यावर हात ठेवायची पद्धत, एवढ्यावरून ओळखलं. तिथं सॉफ्टवेअरनं चेहरा काढला असता तर त्यांनी ओळखलं नसतं.

लाकडी चौकट काका, दोन्ही मोठे फोटो छापून आले आहेत. आणू का?

लाकडी_चौकट

गुरुवारी आणा. गुंडाळीतून काढून मोकळे ठेवलेत का, आणि वर वर्तमानपत्र तर नाही ना टाकलं?

बडकस_चौक

मोकळे आहेत, बैठकीतल्या सतरंजीवर, वर साधा कोरा कागद. आईनं परवापासून बैठकीत कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. गुरुवारी घेऊन येते.